विश्रांतीचे तास

ऑक्टोबर सरत आला.
शिबेनिकच्या धक्क्यावर बोटींना ताडपत्र्या चढल्या,
पाहुण्यांच्या गाद्या उन्हात उभ्या केल्यात,
आणि मी दूयेसाठी शिफारसपत्र लिहायला बसले आहे.

'दूये स्क्राचिच, डेकवरचा खलाशी,
दोन हंगाम माझ्या हाताखाली'
इथवर येऊन पेन अडतं.
हाताखाली, की हातून?

दोरखंड असा गुंडाळायचा
की अंधारातही टोक नेमकं हाताला यावं.
सागवानी डेक घासताना गुणगुणायचा;
पाहुणे झोपलेत म्हणून दटावलं
की नुसते ओठ हलायचे.
इंजिनवाला झ्वाने कुणालाच नावाने हाक मारत नाही,
याला मात्र खाली बोलवायचा,
'दूये, ये, हा पंप जरा ऐक.'

त्या रात्री पाग बेटाच्या खाडीत होतो.
संध्याकाळीच वेलेबितच्या माथ्यावर
ढगाचं पांढरं मुंडासं बसलं होतं.
मी पाहिलं होतं.
मालक म्हणाले, इथंच राहू, काय शांत आहे पाणी.
मी 'बरं' म्हणाले.
(पंचवीस वर्षांत हा शब्द मी
'नांगर' या शब्दापेक्षा जास्त वेळा उच्चारलाय.)

तीन वाजेपर्यंत बर्फ लागत होता वर.
बर्फ नेणारा दूये,
छोट्या होडीतून किनाऱ्यावर सोडणारा दूये,
परत आणणारा दूये,
कुणाची तरी सोनेरी चप्पल पाण्यात पडली,
बुडी मारून ती काढणाराही दूयेच.
आणि चार ते सहा नांगराचा पहारा:
दूये.
पाळ्या मी लावते.

साडेचारला डोंगरावरून बुरा वारा उतरला,
चढत नाही तो, एकदम येतो,
दाराला कुणी लाथ घालावी तसा.
बोट कूस बदलते ते वेगळं,
घसरते ते वेगळं.
झोपेत तळपायांना कळलं.
वर आले, तर हा खुर्चीत,
हनुवटी छातीवर,
मुठीत अजून बर्फाचा चिमटा.
मागे खडक. तीस मीटर.
हाक मारेपर्यंत वीस.

मग मात्र तो असा धावला नाळेकडे
की साखळी त्याला ओळखत असावी.
दहा मिनिटांत आम्ही मोकळ्या पाण्यात.
सकाळी पाहुण्यांनी सांगितलं,
काय छान झोका लागला रात्री!

झादरला त्याला उतरवला.
पहाऱ्यावर जो झोपला तो उतरला,
हा नियम मी घालून दिलेला नाही,
पण राबवताना माझा आवाज जराही हलला नाही.
पगार दिवसापर्यंत मोजून दिला.
मिर्नाने त्याच्या पिशवीत अर्धं चीज कोंबलं
आणि दोन दिवस मला फक्त 'हो, कप्तान' म्हणाली.

आज फायली आवरताना
त्या आठवड्याचा तक्ता हाती आला.
त्याच्या नावापुढे रोज, न चुकता,
विश्रांती: दहा तास.
अक्षर माझं. सही त्याची.
सही करताना हसून विचारलं होतं त्यानं,
'कप्तान, हे दहा तास मिळतात कुठे?'
मीही हसले होते.
गंमत म्हणजे, मनापासून.

'पहाऱ्यावर विश्वासू' लिहिलं.
खोडलं.
पुन्हा लिहिलं, मग कागदच बदलला.

शेवटी एवढंच:
'दोरी, होडी, माणसं, तिन्ही नीट सांभाळतो.
याला पुरेसं झोपू द्यावं.'
वाचणारा कप्तान या ओळीला हसेल.
असे तक्ते ज्यानं भरलेत
तो बहुधा हसणार नाही.

झ्वाने दार न वाजवता डोकावतो,
बॅटऱ्या काढू का, विचारतो,
टेबलावरचं नाव उलट बाजूने वाचतो,
आणि दाराशी
लागतो त्याहून थोडा जास्त वेळ उभा राहतो.

'काढ,' मी म्हणते.